केळीचा खांब

"अजून वीतभर लांब कापा," सेलिना म्हणाली. "माझा खाएम्बा दारातून वाकून यायचा."

तिच्या दिराने, वालुबेंगोने, केळीचा खांब नव्याने कापून पांढऱ्या चादरीत गुंडाळला. तिचा मुलगा खाएम्बा नैरोबीला कामाला म्हणून गेला, त्याला नऊ वर्षं झाली. ना निरोप, ना फोन. प्रेत मिळालं नाही की आमच्याकडे केळीचा खांब पुरतात. मातीची पहिली मूठ आईची. ती पडली की माणूस मेला. मग तो जिवंत परतला तरी त्याला फाटकाच्या आत घेत नाहीत. घेतलं, तर घरातलं एक पोर जातं. असं दोनदा झालंय म्हणतात, आणि गावात यावर कुणी वाद घालत नाही.

खांब खड्ड्यात उतरला. सेलिना मूठ आवळून रस्त्याकडे बघत उभी राहिली.

"वहिनी, लोक उन्हात ताटकळलेत," वालुबेंगो म्हणाला. "माती आहे ती, बियाणं नाही जपून ठेवायला."

"नैरोबीची चारची गाडी येऊ द्या, भाऊजी."

"चारची गाडी नऊ वर्षं येतेच आहे."

मग सून, नामाल्वा, जवळ आली. तिच्या दोन्ही पोरी तिला बिलगून होत्या.

"आई, मी ना त्याची बायको राहिले, ना विधवा झाले. मला मोकळं करा."

नामाल्वाने आजवर या घरात काही मागितलं नव्हतं. सेलिनाने मूठ उघडली.

त्या दिवशी गाडी वाटेत पंक्चर झाली होती. ती आली तेव्हा क्रूस रोवून झाला होता. उतरलेला उंच माणूस फाटकाशी थांबला आणि क्रुसावरचं नाव वाचू लागला. त्याने आत टाकायला पाऊल उचललं, तेवढ्यात त्याला त्या दोन पोरी दिसल्या. पाऊल त्याने बाहेरच ठेवलं. लोकांनी माना फिरवल्या. वालुबेंगोने प्रार्थनेचं गाणं जरा मोठ्याने धरलं.

सेलिनाने त्याला ओळखलं, आणि त्याआधी आपण मेलो असतो तर बरं, असं तिला वाटलं. परक्या पाहुण्यालाही मयताच्या घरून उपाशी धाडत नाहीत. तिने ताटात मक्याच्या पिठाची उगाली आणि घेवडा वाढला आणि ती फाटकाबाहेर गेली.

"कुठून आलात?" तिने विचारलं.

तो तिच्या हातांकडे बघत राहिला. नखांत माती होती.

"लांबून," तो म्हणाला.

"जेवून घ्या. परतीची गाडी पाचला आहे."