गुरुजींचे मार्क

माझं तोंड पहिल्यापासून फाटकं. त्यात गावानं शाळा समितीचा अध्यक्ष केलं, म्हंजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं. गेल्या साली तालुक्याची चाचणी झाली अन् आमच्या वाडीची तिसरी खालून पहिली आली. वर्ग सिद्धाराम गुरुजींचा, अन् त्याच वर्गात माझी निकिता. म्या भर सभेत उठलो.

"गुरुजी, पगार कशाचा घेता? शेजारच्या शाळेला नव्वद अन् आमच्या पोरांला चाळीस?"

गुरुजी थंड डोक्याचा माणूस. म्हणाले, "धनाजीराव, पाचटासकट ऊस काट्यावर घातला तर वजन वाढतं, साखर न्हाय वाढत. पोरं आता कुठं वाचायला लागलीत. जरा दम धरा."

"साखर-बिखर मला शिकवू नका. मला नंबर पाहिजे!"

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला लई चेव येतो. ठराव केला, सह्या घेतल्या, वरपर्यंत खेटे घातले, अन् गुरुजींची लांब लोहाऱ्याच्या शाळेवर बदली करूनच गप बसलो.

त्यांच्या जागी शिवशंकर सर आले. तरणेबांड, बोलायला झ्याक. अन् औंदा काय सांगू, आमची वाडी तालुक्यात पहिली! निकिताला पैकीच्या पैकी. म्या लगेच सरांचा सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ, अन् मारुतीच्या पारावर हे एवढं मोठं डिजिटल बॅनर. त्यावर सरांचा फोटो लहान, माझा मोठा. सत्कार करणारा म्या, मग माझाच मोठा असणार की.

सगळं गाव जमलं. म्या माईक हातात घेतला. "आता आमची निकिता हे बॅनर वाचून दाखवंल!"

पोरगी उभी राहिली. 'गुणवंत शिक्षक' मधलं पहिलं अक्षर लावलं अन् तिथंच अडकली. "गु… गु…"

"लाजू नको बाय, वाच," म्या हसत म्हणलं.

तिनं डोळे गच्च मिटले अन् घडाघडा सुरू केलं, "एकचं क, दोनचं ड, तीनचं अ, चारचं क…" थांबंचना. समद्या पेपराची उत्तरं.

आधी कुणाला कायबी कळलं न्हाय. मग मागं कुणीतरी फिस्सकन हसलं, अन् सगळा पार हसायला लागला. माझ्या कानशिलांची आग झाली. म्या पोरीवर हात उगारला, तवा माझी बायको दैवशाला मधी आली.

"तिला कशाला? ज्यानं पढवलं त्याला इचारा की!"

म्या सरांकडं वळलो. "सर, ही काय भानगड?"

त्यांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला. "पेपर आधीच शाळेत येऊन पडला होता. म्या फोडला अन् उत्तरं घोकून घेतली. चुकलो. पण धनाजीराव, आलो त्याच दिवशी तुम्ही दम दिला होता, नंबर न्हाय आला तर गुरुजींच्या मागं तुमची बारी. गावानं जे मागितलं तेच म्या दिलं."

भर चौकात धोतर फिटावं तसं झालं. बॅनरवरचं माझं थोबाड दात काढून हसत होतं, त्याच्याकडं बघवंना. लाज वाटली, लई लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी निकिताला घेऊन लोहाऱ्याची एसटी धरली. गुरुजींचे पाय धरायचे, परत चला म्हणायचं, एवढंच डोक्यात. त्यांच्या वेळंला ही पोर एसटीची पाटी अक्षरं लावून लावून वाचायची, अन् मला थांबवून ऐकवायची. आज पाटीकडं बघंना. शाळेच्या फाटकापाशी गेल्यावर तर खांब धरून उभीच राहिली.

मधल्या सुट्टीत गुरुजी बाहेर आले. म्या वाकलो तर त्यांनी दंडाला धरलं. "अहो, काय करता? पोरं बघत्यात. निकिता कुठंय?"

ती दिसल्यावर तिच्यापुढं जाऊन उकिडवे बसले. "काय गं, वळख इसरलीस व्हय?"

तिला रडूच फुटलं. "गुरुजी, मला मार्क कमी पडले म्हणून तुम्हाला काढलं ना? मला येत हुतं. म्या हळू वाचते, म्हणून पेपर पुरा झाला न्हाय. मग सर आले तवा म्या समदं पाठ केलं. त्यांना तरी काढू नये म्हणून. काल त्यांनी फेटा काढून ठेवला. आता त्यांनाबी काढणार का?"

सालभर ही पोर एवढं मनात घेऊन माझ्या शेजारी जेवत होती, अन् मला पत्ता न्हाय. म्या मार्कांवरनं तिचे लाड करत होतो.

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. खरं सांगायचं काम माझं होतं. माईक नसतानाबी सभा हलवणारा म्या, पोरीपुढं खाली बसलो.

"तुझ्यामुळं न्हाय गं बाय," कसंबसं म्हणलं. "गुरुजींना तुझ्या बापानं काढलं."

निकितानं डोळे पुसले, माझ्याकडं बघितलं, अन् हळूच सरकून गुरुजींच्या मागं जाऊन उभी राहिली.