चारनंतर पाणी नाही

आक्काचा मुलगा आईचं सगळं करतो, असं आमच्या नात्यात जो तो सांगतो. मीही छाती फुगवून सांगायचे. माझा भाचा आहे ना!

त्या दुपारी गेले तर दार उघडल्या उघडल्या त्यानं मला आधी आईची खोलीच दाखवली. "बघ मावशी, कुठं वास येतोय?"

नव्हता येत. फरशी चकचकीत, चादर पांढरीशुभ्र, खिडकीत हिरवीगार कुंडी.

"महिना झाला, अंथरूण एकदाही ओलं नाही," तो म्हणाला. वर्गात पहिला आल्यासारखा.

आक्का खुर्चीत बसली होती. ओठांना भेगा पडलेल्या. मला बघून हसली आणि म्हणाली, "आई, आलीस?"

मी तिची धाकटी बहीण.

"हल्ली असंच चालतं," भाचा तिच्यासमोरच म्हणाला. ती जणू कपाट होती. "डोकं गेलंय तिचं. पुढच्या सोमवारी वृद्धाश्रमात सोडतोय, बोलणं झालंय. मला नाही झेपत आता."

मी पिशवीतून कलिंगड काढलं. त्यानं ते झटकन उचलून बाजूला ठेवलं. "हे नको. पाणी होतं त्याचं."

म्हणजे काय ते विचारायच्या आतच आक्का बारीक आवाजात म्हणाली, "पाणी पिऊ का रे थोडं?"

स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोराला विचारत होती! या गल्लीत नळ यावा म्हणून पाणीखात्याच्या साहेबाच्या टेबलावर रिकामी बादली आपटून आलेली बाई ही.

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजून गेले, आई. आता सकाळी."

मी आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरकी केली. माझा आवाज मागच्या सीटपर्यंत पोचतो. तो मी त्या खोलीत काढला.

"काय म्हणालास?"

"अगं, रात्रीत किती वेळा उठायची ती! पडली तर? चादरी कोण धुवायचं? मीच. म्हणून चारनंतर पाणी बंद. तिच्याच भल्यासाठी."

"कुंडीला पाणी कधी घालतोस?"

"संध्याकाळी," तो बोलून गेला. मग त्याचा चेहरा उतरला.

मी स्वयंपाकघरातून पेला भरून आणला. आक्कानं हातात घेतला, पण डोळे मुलाकडेच. मी दोघांच्या मधे उभी राहिले. माझी पाठ बसचं दार अडवेल एवढी रुंद आहे, तिच्याआड ती घोट घोट प्यायली.

"पायात चपला घाल तिच्या," मी त्याला म्हणाले. "डॉक्टरकडे जायचंय."

"तू एका दिवसासाठी येणार आणि मला शिकवणार! चादरी तू धुणार आहेस?"

"दमलास ना? मग बोंब मारून सांगायचं. मला सांग, कामाला बाई ठेव, डायपर आण. हजार वाटा होत्या. आईला तहानलेली ठेवायची, ही एकच तुला सापडली? हात उगारला नाहीस म्हणून याला सेवा म्हणायचं का? छळ आहे हा, गधड्या."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आक्काची जीभ पाहिली आणि आम्हा दोघांनाही बाहेर काढलं. मला राग आला, पण बाई बरोबर होत्या. बहिणीसमोरही माणूस खोटं बोलतं.

दाराबाहेरून मला ऐकू आलं, "घरी कुणाची भीती वाटते का, आजी?"

मी दाराला कान लावला. तिनं तोंड उघडलं नाही, तर सोमवारी ती गेलीच.

"मुलगा माझा चांगला आहे," आक्का म्हणाली. मग थांबून, "पण मला फार तहान लागते. मागायची भीती वाटते."

शरीर सुकलं होतं. लघवीत जंतुसंसर्ग झाला होता. "डोकं गेलंय की नाही ते नंतर बघू," डॉक्टरीणबाई भाच्याला म्हणाल्या, "पण असा गोंधळ यानंही होतो. तुम्हाला आधी दाखवायचं सुचलं नाही?" आक्काला सलाईन लावलं, औषधं सुरू झाली.

काही दिवसांनी सकाळी मी तिच्या कॉटशी गेले. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू एवढी जाड कधी झालीस गं?"

असला गोड अपमान माझा कुणी केला नव्हता.

घरी आणलं त्या दिवशी तिनं मुलाला समोर बसवलं. त्याचे डोळे भरले होते.

"आई, माझं चुकलं..."

"ते सावकाश रड. आधी ऐक. रात्रीला बाई ठेवायची, पेन्शन माझी आहे. कॉटशेजारी कमोडची खुर्ची हवी. तांब्या माझ्या हाताशी राहील. ही माझी बहीण न कळवता येईल, वाटेल तेव्हा. घर माझं आहे. तुला जमत नसेल तर तू दुसरीकडे खोली बघ, मी रुसणार नाही."

"आणि वृद्धाश्रमाचं?" त्यानं विचारलं.

"लाव फोन."

त्यानं लावला. पलीकडून कुणीतरी बोललं आणि हा "ते सोमवारचं..." एवढ्यावरच अडकला. आक्कानं हात पुढे केला, फोन काढून घेतला आणि कानाला लावला.

"सोमवारी जिला आणणार होते ना तुमच्याकडे, ती बोलतेय," ती म्हणाली. "मला विचारलंच नव्हतं कुणी. मी येत नाही."