सरावाच्या खोलीची कडी

मी एक जुनी कडी आहे. चार दुव्यांची, साखळीची, दाराच्या बाहेरच्या अंगाला ठोकतात तशी. तुम्ही म्हणाल, कडीला कसलं आलंय आयुष्य? वर चढवली की लागली, सोडली की लोंबली. खरं आहे, मित्रांनो. पण माझ्या हातून एकदा जे होता होता राहिलं, ते मला तुम्हाला सांगायचंच आहे.

उदगीरच्या मल्लिनाथ लोहारानं मला ट्रकच्या जुन्या पाट्यापासून घडवलं. घडवून झाल्यावर दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि म्हणाला, "हत्ती बांधा हिला!" हत्ती काही आला नाही. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका कोठारावर मला लावलं आणि अकरा वर्षं मी तूर आणि सोयाबीन राखलं. व्यापारी येता-जाता मला हिसका देऊन बघायचा आणि खुशीनं मान डोलवायचा. तेवढ्यावर माझा दिवस जायचा. मग कोठार पाडून शटर बसवलं, आणि मी दारासकट लातूरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात आले. तिथे दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून उभी होते. कुणी हात लावला नाही.

तिथून मला महामायाताईंनी आणलं. ताई एक घर चालवतात. पाटीवर त्याचं नाव लांबलचक आहे, पण रिक्षावाले त्याला 'लेकुरवाळ्यांचं घर' म्हणतात. वय अठरा-वीस, कडेवर लेकरू आणि जायला कुठे जागा नाही, अशा पोरी इथे येतात. दीड वर्ष राहता येतं. तेवढ्यात बँकेत खातं काढणं, लेकराचे डोस, कामावर बोलायचं कसं, नळाचं पाणी पुढच्या वेळेपर्यंत पुरवायचं कसं, सगळं शिकायचं. शेवटचे तीन महिने मात्र मोठ्या घरात नाही. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला एक सुटी खोली आहे. तिथे माय आणि लेकरू, दोघांनीच राहायचं. आपली शेगडी, आपलं रेशन. उद्या बाहेर संसार करायचा, त्याचा हा सराव. त्या सरावाच्या खोलीच्या दाराला मी होते.

दार आत उघडतं. उघडं असलं की मी खोलीत बघायची, लागलं की मी बाहेर. माझ्या मागच्या अंगाला, आतून, एक बोल्ट होता. नऊ वर्षं आम्ही एकाच फळीवर होतो, पण एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मला फार एकटं वाटायचं, हे सरळच सांगते. पोरी यायच्या, जरा ओळख व्हायची आणि शिकून जायच्या. त्यांनाही सुरुवातीला करमायचं नाही. बाराजणींच्या गलक्यातून आलेल्या, पहिले चार दिवस भात बाराजणींचाच शिजवायच्या आणि मग पातेल्याकडे बघत बसायच्या.

माझ्या शेजारी ताईंनी एक कागद चिकटवला होता. त्यावर रोजच्या कामांच्या खुणा करायच्या. सगळ्यात खाली रकाना होता, 'आज कुणाची मदत घ्यावी लागली का?' तीन महिने तिथे 'नाही' आलं की सगळ्या टाळ्या वाजवायच्या. अंबिका नावाच्या पोरीचे नव्वदच्या नव्वद 'नाही' होते. ताई नव्या पोरींना तिचंच उदाहरण द्यायच्या. ती अंबिका दुपारी उंबऱ्यात बसून आपल्या तान्ह्या लेकीला म्हणायची, "बोल की गं कायतरी," हे मात्र फक्त मला ठाऊक होतं. आणि मला कोण विचारतंय?

या उन्हाळ्यात खोलीत पुनम आली, लोह्याकडची. नवरा हैदराबादला कामाला म्हणून गेला, तो गेलाच. सासरी दार बंद झालं, माहेरी भावजयीचं बोलणं बंद झालं. चार महिने ती पोर मुदखेड स्टेशनच्या फलाटावर राहिली होती. तिचा शिवांश आता पावणेदोन वर्षांचा होता, दुडूदुडू पळणारा.

पुनम हट्टाची पक्की. सिलिंडर एकटीनं ओढत आणायची. मोठ्या घरात स्वयंपाक करणारी दानम्मा, माझ्या उदगीरचीच, जाता-येता विचारायची, "काय पायजे का गं?" पुनम म्हणायची, "न्हाई मावशी, सगळं हाय." एकदा असं म्हणाली त्या दिवशी घरात मीठ नव्हतं. दोन दिवस तिनं अळणी खाल्लं.

मग तो दिवस आला. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका ठिकाणी तिला अकरा वाजता शिलाई दाखवायला बोलावलं होतं. काम लागलं तर बाहेर खोली घेता येणार होती. नाही तर दीड वर्ष संपत आलेलं, आणि पुढे पुन्हा फलाट. नेमका सकाळी शिवांशला ताप भरला. तशा उन्हात त्याला नेणं शक्य नव्हतं. मोठं घर वीस पावलांवर होतं. पुनम कागदासमोर उभी राहिली. त्यावर बावन्न 'नाही' होते. तिनं शिवांशला औषध पाजलं, थोपटून निजवलं, "तासाभरात येते रे राजा," म्हणाली आणि मला वर चढवलं. मी लागले. कडीच ती, दुसरं काय करणार?

अर्ध्या तासात लेकरू उठलं. आधी "माय, माय" झालं, मग रडणं, मग दाराच्या तळाशी इवल्या हाताच्या थापा. हत्तीसाठी घडवलेली मी, एका लेकरासमोर ताठ उभी राहिले. मला माझा इतका राग कधी आला नव्हता. मग आतला आवाज एकदम थांबला. खोलीत काय कुठे आहे, मला पाठ होतं. आदल्याच दिवशी पाणी आलेलं, आणि कोपऱ्यातला टप काठोकाठ भरलेला. मित्रांनो, रडण्यापेक्षा न रडणं वाईट असतं.

दानम्मा अंगणात कुरडया घालत होती. रडणं तिनं ऐकलं होतं, पण पुनम आत असेल, तिला कुठं कुणाची मदत चालते, म्हणून ती गप्प राहिली. आवाज थांबला तशी तिनं मान वर केली आणि तिला मी दिसले. बाहेरून कडी लागलेली म्हणजे घरात कुणी नाही, मग रडत कोण होतं? हातातला सोऱ्या टाकून ती धावली आणि मला खाडकन काढलं.

शिवांश टपात वाकला होता. तळाशी पडलेला पेला त्याला हवा होता. पाय जमिनीवरून सुटले होते आणि हनुवटी पाण्याला टेकली होती. दानम्मानं त्याला सदऱ्याला धरून मागे ओढलं. त्यानं भोकाड पसरलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुनम आली ती पळतच. काम लागलं होतं. उघडं दार बघून ती जागीच थबकली. आत महामायाताई उभ्या होत्या.

"अगं, मी हितंच अंगणात मरून राहिले व्हते की," दानम्मा ओरडली. "मला सांगायला काय झाल्तं?"

"सांगितलं अस्तं तर कागदावर लिहावं लागलं अस्तं, मावशी," पुनम हुंदके देत म्हणाली. "अंबिकाताईनं एकदाबी मदत मागितली न्हाई. मी मागितली की तुमी म्हणाल, हिला जमत न्हाई."

लेकरू एकटं सोडलं तर घर सोडायचं, हा तिथला नियम. पुनमला तो माहीत होता. ती खाली बसून स्वतःच गोधडीची घडी घालू लागली.

ताईंनी तिच्या हातातली गोधडी काढून घेतली. "राहू दे. हा नियम तुला लावायचा तर आधी मला लावावा लागेल. तो रकाना मी लिहिलाय." त्यांनी कागद फाडला. मग दानम्माला म्हणाल्या, "पक्कड आण. ही बाहेरची कडी आधी काढ."

माझे खिळे उपटले गेले. दुखलं, पण वाईट वाटलं नाही. त्याच दिवशी ताईंनी अंबिकाला फोन लावून विचारलं, "तुला हाक मारायला कुणी आहे का गं तिथं?" तिकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं, असं दानम्मा सांगत होती.

पुनमचे तीन महिने पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू झाले. मी आता दानम्माच्या फडताळात, गंजक्या खिळ्यांच्या डब्यात पडून आहे. इथे अंधार आहे आणि माझ्याशी कुणी बोलत नाही. पण रोज सकाळी अंगणातून आवाज येतो, "मावशी, याला ठेवून चालले!" आणि दानम्मा म्हणते, "ठेव की, विचारतीस काय!"

मित्रांनो, माझं एवढं ऐका. कुणाला मदत मागायची वेळ आली तर लाजू नका, आणि कुणी मागितली तर तिला कमी लेखू नका. शेजारच्या दाराला बाहेरून कडी असेल आणि आतून रडणं ऐकू आलं, तर 'आपल्याला काय करायचंय' म्हणून पुढे जाऊ नका. बाहेरची कडी आतून उघडत नाही. आपल्या मनानं तर ती कधीच उघडत नाही. तिला माणसाचा हात लागतो.