भुकेचा रुसवा

नारायण पेठेतल्या त्या दोन खोल्यांत भांडणाची एक रीत होती. रुसलेल्यानं जेवायचं नाही आणि दुसऱ्यानं मनधरणी करायची नाही. जो आधी 'जेव ना' म्हणेल तो हरला. श्यामसुंदर उभ्या आयुष्यात एकदाही हरले नव्हते आणि त्याचा त्यांना चक्क अभिमान होता. माणूस कशाचा अभिमान बाळगील, काही सांगता येत नाही.

या खेपेचं भांडण कर्वेनगरवरून झालं. मुलाकडे, सौमित्रकडे, राहायला जाऊ या, असं आनंदीबाई म्हणाल्या. "खुशाल जा. मी इथे बरा आहे," श्यामसुंदरांनी विषय तोडला. दुसऱ्या दिवसापासून आनंदीबाईंनी ताट बाजूला सारायला सुरुवात केली.

"भूकच नाही हो. फोडणीच्या वासानंसुद्धा मळमळतंय."

"वा! आता फोडणीशीही अबोला का?" असं म्हणून त्यांनी आमटी भुरकली आणि पेपर तोंडापुढे धरला. बायकोकडे बघायचं नाही, हाही त्या रीतीचाच भाग. त्यामुळे तिचे डोळे पिवळे पडलेत, हे त्यांना दिसलंच नाही. रविवारी आलेल्या सौमित्रनं ते दारातूनच पाहिलं.

कावीळ पार विकोपाला गेली होती. डॉक्टर शांतपणे सांगत होते, "संसर्गानं यकृताला सूज आली की सगळ्यात आधी भूक मरते, काका. पचन मंदावतं, अन्न समोर नकोसं होतं. शरीर तेव्हाच सांगत असतं. तेव्हाच आणायला हवं होतं."

मेलेल्या भुकेला श्यामसुंदर रुसवा समजले होते, आणि रुसव्यावर त्यांच्याकडे टोमण्यापलीकडे औषध नव्हतं. त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

संध्याकाळी त्यांनी मऊ भाताचा चमचा आनंदीबाईंच्या ओठांशी नेला. "एक घास घे ना गं."

आनंदीबाई क्षीण हसल्या. "हरलात." मग डोळे मिटून म्हणाल्या, "पण मी रुसले नव्हते हो."

तो घास काही त्यांना घेता आला नाही. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. फांदीवर बसून नुसता बघत होता. सौमित्रनं हात जोडून सांगितलं, "आई, बाबांना आम्ही कर्वेनगरला नेतो. काळजी करू नकोस." कावळा ढिम्म. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "काहीतरी मनात राहिलंय. रुसल्यात त्या. श्यामराव, आता तुम्हीच काहीतरी कबूल करा."

"रुसलेली नाही ती," श्यामसुंदर म्हणाले. "भूक नसेल तिला."

आणि ते तिथेच उन्हात, पिंडासमोर मांडी घालून बसले.