सोन्यावरच्या ओळी

मी प्रयोगशाळेत सोनं चढवते. काचेच्या पट्टीवर सोन्याचा थर बसवायचा, तो इतका पातळ की वर्षभराचं सोनं माझ्या नखावर मावेल. सोनार मला दारातही उभं करणार नाही. पण त्या थराशिवाय इथल्या शहाण्यांचं पान हलत नाही, हे मी सरांना तोंडावर सांगितलंय.

माझ्या पट्ट्यांवर पीएचडी करणारी एक मुलगी आहे, मला मावशी म्हणते. ती स्वतः बनवलेलं रसायन सोन्यावर सोडते. त्याचे रेणू आपले आपण रांगेत बसतात आणि शेजाऱ्याला जोडले जातात, भट्टी नको की आच नको. सूक्ष्मदर्शकाने फोटो काढला की सरळ ओळी दिसतात. साडेतीन वर्षं तिने त्या ओळींवर घातली. प्रबंध देऊन झाला होता, तोंडी परीक्षा दहा दिवसांवर आली होती.

आणि एका परीक्षकाने खुसपट काढलं. कोऱ्या सोन्याचा फोटो तिने जोडला होता, पण ती पट्टी सोनं चढवायच्या यंत्रातून थेट उचललेली. परीक्षक म्हणाला, रसायनासाठी वापरता तशी डब्यात ठेवलेली पट्टी घ्या आणि तिचा फोटो दाखवा.

तिने दाखवला. कोऱ्या पट्टीवर त्याच ओळी!

"मावशी, माझीच भांडी घाण असणार," ती म्हणाली. मग दोन दिवस नुसती घासत बसली. हात सोलवटले. "आधी चार घास खा, मग रड," असं मी खेकसले, पण जीव तुटत होता.

तिसऱ्या दिवशी तिला पट्ट्या द्यायला मी डबा उघडला आणि वास आला. डब्याच्या खाचांत काळं रबर होतं. पट्ट्या हलून ओरखडू नयेत म्हणून मीच ते चिकटवलं होतं. रबरात गंधक असतं, आणि गंधक सोन्यावर आपसूक ओळीने बसतं. रबरी हातमोजे घालून यंत्राजवळ येणाऱ्याला मी हाकलून देते, आणि मीच असं शेण खाल्लं!

रबर गुपचूप उपटून टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. दोष तिच्या भांड्यांवर गेला असता. खोटं कशाला बोलू, जेवणाची अख्खी सुट्टी मी हाच विचार केला.

मग डबा तिच्यापुढे ठेवला. "तुझी भांडी स्वच्छ आहेत गं. घाण माझी आहे."

तिने रबर हुंगलं. "कधीपासून?"

"तुझी पहिलीच पट्टी ओरखडली होती ना, तेव्हापासून. तू रडली होतीस."

"म्हणजे रबर नसतानाचा माझ्या ओळींचा एकही फोटो नाही."

"नाही. अगं, शिव्या तरी दे मला!"

तिने दिल्या नाहीत. "यंत्र लावा, मावशी," म्हणाली.

मी पट्टी केली. ती गरम असतानाच तिने नेली, रसायन सोडलं, आणि चार वाजता फोटो पडद्यावर आला. रेणू कसेही विखुरले होते. साडेतीन वर्षं दिसलेल्या ओळी माझ्या रबराच्या होत्या. मला तिथेच रडू फुटलं. तिने वही ओढली, तारीख घातली आणि नीट अक्षरात लिहिलं: ओळी नाहीत.