चौघांची नाडी

निलेश देसाईंनी बूट काढले, मोबाइल आणि पाकीट टेबलावर ठेवलं आणि श्वास रोखून काट्यावर पाय ठेवला. दर्शनाने आकडा वहीत उतरवला. मागच्या महिन्यापेक्षा सव्वादोन किलो जास्त.

"काटा बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"सकाळीच तपासलाय."

ते खुर्चीत बसले आणि त्यांनी मोबाइल तिच्यासमोर धरला. रोज चौदा हजार पावलं, काल तर सोळा. इतकं चालून वजन वाढतं कसं, हे त्यांना तिच्याकडून ऐकायचं होतं. पावलांचा हा आकडा धरूनच तिने महिन्यापूर्वी त्यांना दुपारी एक भाकरी आणि संध्याकाळी मूठभर चणे वाढवून दिले होते. चालणाऱ्या माणसाला ते लागतातच. तिने चणे तसेच ठेवले, भाकरी खोडली आणि पुढच्या मंगळवारची वेळ दिली.

दर्शना परब मूळची खेळाडूंची आहारतज्ज्ञ. सकाळी दादरच्या मैदानावर कबड्डी खेळणाऱ्या मुलींना ती काय खा, किती खा ते सांगत असे. त्या मुली भुकेल्या असल्या की भूक लागलीय म्हणत, आणि वडापाव खाल्ला असला तर तेही सांगत. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र ती परळच्या या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर बसायची. इथली माणसं तिला बरं वाटेल ते सांगायची. कंपनीने कायम नोकरीतल्या सगळ्यांना मनगटावर बांधायचे बँड दिले होते आणि तीन महिन्यांची चालण्याची स्पर्धा लावली होती. सगळ्यात जास्त पावलं पडतील त्या गटाला अलिबागची सहल. देसाईंचा चौघांचा गट पहिल्या आठवड्यापासून पुढे होता.

त्याच आठवड्यात गुरुवारी चौघांच्याही मोबाइलवर एकच सूचना आली: हृदयाचे ठोके अनियमित आहेत, डॉक्टरांना भेटा.

दिवसभर मजल्यावर दुसरा विषय नव्हता. चौघांतला राजस तर अवघा तेहतीस वर्षांचा. त्याने दुपारीच बायकोला फोन करून बोलावून घेतलं. मनुष्यबळ विभागाच्या रुचिकाने संध्याकाळच्या आत चौघांच्या तपासण्यांची सोय केली. दोन दिवसांत सगळ्यांचे कार्डिओग्राम झाले, चोवीस तास छातीला लावून ठेवायचं यंत्रही लावून झालं. चौघांचीही हृदयं ठणठणीत निघाली. देसाईंनी मजल्यावर पेढे वाटले. बँड बिघडले असतील, असं म्हणून रुचिकाने ते बदलून द्यायला सांगितले. बँड देणाऱ्यांनी तपासून कळवलं की बँडमध्ये काही दोष नाही.

पुढच्या मंगळवारी दर्शनाने चौघांच्या नाडीचे आलेख काढून पाहिले. कार्यक्रमाची सल्लागार म्हणून तिला ते बघता येत. सकाळी साडेनऊपर्यंत चार रेषा चार वाटांनी जात होत्या. पावणेदहाला त्या एकत्र येत, आणि संध्याकाळी सहापर्यंत एकीवर एक अशा बसत की वेगळ्या ओळखू येत नसत. चढ तोच, उतार तोच, मधली वेडीवाकडी धडधडही तीच. चार माणसांची नाडी अशी कधी चालत नाही. अकरा वाजता ती सगळ्यात उंच जाई, आणि त्यानंतर पाच-सात मिनिटं पावलं थांबत.

तिने घड्याळ पाहिलं. अकराला दहा कमी होते. ती उठून जिन्याकडे गेली.

सामानाची लिफ्ट महिनाभर बंद होती, आणि अकराच्या सुमाराला खालून फायली जिन्यानेच वर येत. नवव्या मजल्याच्या वळणावर भिवा पायरीवर बसला होता. शेजारी फायलींचा खोका, एक हात भिंतीला टेकलेला. भिवा एजन्सीकडून आलेला शिपाई, छप्पन वर्षांचा, लालबागच्या चाळीत राहणारा. चहा, फायली, कुरिअर, बँकेची कामं, सगळं त्याच्याकडे. तिला पाहून तो उठायला लागला.

"बसा," ती म्हणाली. मग त्याच्या खालच्या पायरीवर तीही बसली. "भिवाकाका, बाह्या वर करता?"

त्याने काही न विचारता गणवेशाच्या बटणाला हात घातला. डाव्या हातावर दोन बँड, उजव्या हातावर दोन. घामाने कातडीवर पट्ट्यांचे वळ उठले होते.

तिने त्याचं मनगट धरलं आणि बोटांखाली नाडी शोधली. दोन ठोके पटापट आले, मग एक आलाच नाही, मग तीन एकदम आले. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"काय म्हणतंय?" त्याने विचारलं.

ती खरं तेच बोलली. ठोके नीट पडत नाहीत, हृदयाची तपासणी करायला हवी, आणि आज हा खोका दुसरं कोणीतरी वर नेईल. तो "बरं" म्हणाला, आणि चारही बँड सोडून तिच्या ओंजळीत ठेवले.

रुचिकाने तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की भिवा कंपनीच्या पटावर नाही, त्यामुळे कंपनीने ठरवलेल्या इस्पितळात त्याची सोय करता येणार नाही. एजन्सीला पत्र घालते, महिन्याभरात काहीतरी होईल. आणि बँडचं मात्र चारचौघांत बोलू नका, वरिष्ठ लोक आहेत. दुपारी देसाई स्वतःच दर्शनाच्या खोलीत आले. दार लोटून उभे राहिले. सूचना आली तेव्हा आपल्याला भिवाचा हात आठवलाच नाही, असं ते म्हणाले. रात्री तर पट्टा आपल्याच हाताला असतो, म्हणून आपलंच काहीतरी बिघडलं असं वाटलं. ते खोटं बोलत होते असं तिला वाटलं नाही. स्वतःच्या छातीवर आल्यावर माणसाला दुसऱ्याचा हात आठवत नाही. ते काट्याकडे एकदा बघून निघून गेले.

दर्शनाने एजन्सीच्या पत्राची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी मैदानावरचं काम सोडून ती भिवाला घेऊन परळच्या महापालिकेच्या इस्पितळात गेली. केसपेपरच्या रांगेत पाऊण तास, मग कार्डिओग्रामच्या खोलीबाहेर बाकड्यावर. भिवाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. हात मांडीवर ठेवून तो सरळ बसला होता, मुलाखतीला आल्यासारखा.

"देसाईंनी तुम्हाला जबरदस्ती केली का?" तिने विचारलं.

"नाय मॅडम. मीच मागितलं."

ती त्याच्याकडे वळली.

"तुम्ही पहिल्या दिवशी भाषण केलंत, तेव्हा मी मागे कप गोळा करत होतो. तुम्ही म्हणालात, हे घड्याळ काळजाचंही सांगतं. आम्हाला तर मिळणार नव्हतं." त्याने छातीवर तळवा ठेवला. "इकडे गणपतीपासून फडफडत होतं. आत कबूतर बसल्यासारखं. डॉक्टरकडे जायचं तर खाडा, आणि खाडा झाला की एजन्सी दुसरा माणूस लावते. म्हटलं, घड्याळच सांगेल. मग साहेबांना बोललो, मी चालतोच आहे दिवसभर, द्या तुमचं माझ्याकडे. ते हसले. बाकीच्यांनीही दिलं. मला बरंच वाटलं. एक चुकेल, चार कशी चुकतील?"

"मग कळलं काही?"

"घड्याळ बोलतं ते साहेबांच्या फोनवर. संध्याकाळी परत देताना मी विचारायचो, काय म्हणतंय? साहेब म्हणायचे, एकदम फर्स्ट क्लास."

आतून कोणाचं तरी नाव पुकारलं. ते त्याचं नव्हतं.

"पण सगळे तपासून घ्यायला गेले, तेव्हा तुमच्या लक्षात आलंच असेल," दर्शना म्हणाली. "तेव्हा का नाही बोललात?"

"बोलणार होतो. पण चौघांचे रिपोर्ट चांगले आले ना. पेढे मीच आणले दुकानातून. मला वाटलं, म्हणजे माझाही चांगलाच असणार. त्या दिवशी घरी चालत गेलो, शिट्टी वाजवत."

समोरच्या भिंतीवर आहाराचा तक्ता लावला होता, दर्शना त्याकडे बघत राहिली.

कार्डिओग्राम झाला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पट्टी दोनदा पाहिली, भिवाला उलटसुलट विचारलं आणि समजेल असं सांगितलं. ठोके विस्कटलेले आहेत. अशा वेळी रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे जाण्याची भीती असते, पण ते होण्याआधी आलात. सोमवारी सोनोग्राफीसारखी हृदयाची आणखी एक तपासणी, तोवर जिने बंद, आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. "या गोळीवर पालेभाजी एकदम वाढवायची नाही, एकदम सोडायचीही नाही. रोजचं खाणं सारखं राहिलं पाहिजे. त्यासाठी आहारतज्ज्ञांना भेटा. त्या सोमवारी बसतात."

बाहेर येऊन भिवाने कागद घडी करून खिशात ठेवला. सोमवारी परत खाडा, एवढंच तो म्हणाला. मग ऑफिसच्या दिशेने चालू लागला.

"थांबा," दर्शना म्हणाली.

तिने त्याला पुन्हा बाकड्यावर बसवलं, पिशवीतून वही काढली आणि कोरं पान उघडलं. वर त्याचं नाव लिहिलं. वय, उंची. वजन विचारलं तर त्याला ठाऊक नव्हतं. ती जागा तिने मोकळी ठेवली.

"सकाळी उठल्यावर पहिलं काय घेता?"

भिवाने मागे वळून पाहिलं, जणू प्रश्न दुसऱ्याच कोणाला विचारला होता. मागे कोणी नव्हतं.

"चहा," तो म्हणाला. "तुम्ही खरंच लिहिणार?"

"त्याच्याबरोबर?"

त्याने बोटं मांडीवर सरळ केली, आणि आठवून आठवून सांगायला लागला.