आईसाठी आभार

रविवारच्या उपासनेचा क्रम मी लिहिते. कुठलं गीत, कुठला शास्त्रपाठ, कुणी कधी उभं राहायचं, सगळं. उपदेश वीस मिनिटांपुढे गेला की लोक चुळबुळ करतात आणि सुतारकाका तर सरळ घोरतात, म्हणून मिनिटंही मीच मांडते. बाबा या चर्चमध्ये चाळीस वर्षं पाळक. हल्ली त्यांना आठवत नाही असं नाही, पण आठवतं ते भलत्या वेळी. म्हणून त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांत वेगळा कागद करते. एकदा त्यात 'इथे पाणी प्या' असं लिहिलं होतं. बाबांनी तेही खणखणीत वाचलं, आणि पुढच्या बाकावरून दोघींनी भक्तिभावाने 'आमेन' म्हटलं.

आम्ही खूप हसलो. कमिटी हसली नाही. येत्या रविवारची उपासना बाबांची शेवटची, असं त्यांनी मला सांगितलं.

त्याच रविवारी आईला जाऊन वर्ष होत होतं. मी बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत.

"उपदेश दुसऱ्या कुणाला दे," म्हणाले. "मला एकच ठेव. तिच्यासाठी देवाचे आभार मी मानणार. दफनाच्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता."

मी कागद केला. दुसरं गीत, शास्त्रपाठ, मग ठळक अक्षरांत 'आईसाठी आभार'. तीनदा तपासला. माझ्या कागदात चूक सापडत नाही, असा माझा तोरा.

रविवारी बाबा उभे राहिले. कागद वाचला, चष्मा काढला, डोळे मिटले.

"प्रभो, माझ्या आईसाठी मी तुझे आभार मानतो."

मी डोळे उघडले.

लोकांचे कपडे शिवून पाच पोरं वाढवणारी आई. स्वतःचा झगा उसवून त्यांना शाळेचा सदरा शिवणारी. मी कधी न पाहिलेली, साठ वर्षांपूर्वी गेलेली माझी आजी. इतकी सुंदर प्रार्थना मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. सगळे डोळे पुसत होते. मी एकटी डोळे उघडे ठेवून, आता माझ्या आईकडे वळतील म्हणून वाट बघत होते. माझी खुर्ची त्यांच्यापासून दोन पावलांवर. पण आईबद्दल बोलणाऱ्या मुलाला मध्येच कसं थांबवायचं?

"आमेन," बाबा म्हणाले, आणि पेटीवालीने पुढचं गीत सुरू केलं.

उपासना संपल्यावर ते दारात उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवत होते. सुतारकाकांनी त्यांना घट्ट मिठी मारली. सगळे गेल्यावर बाबा माझ्याकडे वळले. चेहरा उतरला होता.

"अगं, तिचं राहिलं की."

"कुणाचं?"

"तुझ्या आईचं. प्रत्येक गीतानंतर वाटलं, आता येईल. कागदावर नव्हतंच."

होतं बाबा, असं ओठांवर आलं. पण ते म्हटलं असतं तर चूक त्यांच्या पदरात पडली असती, आणि ती माझी होती. तिला 'आई' म्हणणारी घरात मी एकटीच.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "लिहायचं राहिलं."

"एवढं एकच मागितलं होतं तुझ्याकडे." ते म्हणाले. "पुढच्या रविवारी तरी लिही. विसरू नकोस."

"लिहिते," मी म्हटलं.